मालकी रानातला नरक्या: विकावा का राखावा?

डोंगरवेडा (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

आजऱ्याच्या पश्चिमेला, आंबोलीच्या अंगाला माझ्या मामांचं थोडं मालकी रान आहे. वर काजू, खाली ओढ्याच्या काठानं जुनी झाडी. त्या झाडीत नरक्या बऱ्यापैकी आहे. परवा एक व्यापारी येऊन गेला. लाकूड किलोवर घेतो म्हणाला. तोडणी त्याची, वाहतूक त्याची, वर मुळंसुद्धा तोच खणून काढणार. मामांना पैशाची तशी नड नाही, पण नुसतीच उभी असलेली झाडं जाऊन चार पैसे येत असतील तर काय वाईट, असं त्यांचं म्हणणं. मी तूर्त थांबवलंय.

नरक्यापासून कॅन्सरच्या औषधाचा कच्चा माल मिळतो एवढं मला माहीत आहे. मला पडलेला प्रश्न जरा वेगळा. औषध एकदा सापडलं, त्याची रचना कळली, की ते कारखान्यात करता येत नाही का? मग झाडं अजून का तोडतात? आणि करता येत असेल, तर 'जंगलात औषधं आहेत म्हणून जंगल वाचवा' याला काय अर्थ उरतो? औषध बाहेर आलं, जंगलाचं काम संपलं, असं कुणी म्हटलं तर काय उत्तर द्यायचं?

झाडं राखावीत असंच मला वाटतं. पण मामांना पटेल असं कारण हवंय. 'निसर्ग आपली आई आहे' छापाचं नको, ते मामा ऐकून घेतात आणि चहा मागवतात.

तिरसट

मामा आवडले.

कोकणकन्या

आमच्याकडे सावंतवाडीच्या बाजूलाही आहे. झाड तसं बुटकंच. पानं मोठी, लांब देठाची, फांदीच्या टोकाला झुबक्यानं येतात. गळून गेलेल्या पानांच्या खुणा फांदीवर ठसठशीत दिसतात, त्यावरून ओळखायचं. पावसाळ्यात फुलोरा आला की मात्र ओळखायला डोळे लागत नाहीत, नाकच पुरे. फळं पिकली की जांभळट काळी, बारक्या जांभळासारखी दिसतात. लहान मुलं बरोबर असतील तर सांभाळा, तोंडात घालायची नाहीत.

धागा वाचतेय. व्यापाऱ्याला अजिबात देऊ नका, एवढंच आत्ता सांगते.

केमिस्टकाका

डोंगरवेडा, प्रश्न चांगला विचारलात. उत्तर थोडं लांब आहे, वेळ काढून वाचा.

नरक्यातलं द्रव्य म्हणजे कॅम्पटोथेसिन. ते पहिल्यांदा सापडलं नरक्यात नाही, एका चिनी झाडात. कॅम्पटोथेका त्या झाडाचं नाव, आणि ज्याचा नमुना तपासला ते झाड अमेरिकेत कॅलिफोर्नियात चिको इथं सरकारी बागेत लावलेलं होतं. मन्रो वॉल तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्यात होते. ते शोधत होते कॉर्टिसोनसाठी कच्चा माल, म्हणजे स्टेरॉइडं. त्यांनी गोळा केलेल्या वनस्पतींचे अर्क सहज म्हणून कॅन्सर संस्थेकडे तपासायला गेले आणि त्यात हे एक झाड चमकलं. पुढे १९६६ मध्ये वॉल आणि मनसुख वाणी यांनी द्रव्य वेगळं करून त्याची रचना प्रसिद्ध केली.

नरक्याचं नाव आलं १९७२ मध्ये. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी आपल्या या झाडात तेच द्रव्य दाखवलं, आणि भरपूर दाखवलं. चिनी झाड आणि आपलं झाड यांचं कूळसुद्धा वेगळं.

आता कारखान्याचं. कॅम्पटोथेसिन प्रयोगशाळेत शून्यापासून बनवता येतं. अनेकांनी बनवलंय. पण पायऱ्या इतक्या आणि प्रत्येक पायरीला घट इतकी, की झाडातून काढलेलं स्वस्त पडतं. शिवाय मूळ द्रव्य औषध म्हणून कामाचं नव्हतंच. पाण्यात विरघळत नाही. विरघळावं म्हणून त्याचा सोडियम क्षार करून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांना दिला, तर त्या रूपात रेणूचं एक कडं उघडतं, गुण कमी होतो आणि मूत्राशयातून रक्त जायला लागतं. चाचण्या बंद पडल्या. जवळपास दशकभर कुणी त्याच्याकडे फिरकलं नाही.

१९८५ मध्ये कळलं की हे द्रव्य टोपोआयसोमरेज-१ नावाच्या विकरावर (एन्झाइमवर) काम करतं. पेशी डीएनएची नक्कल करते तेव्हा पुढचा भाग पिळवटत जातो, ओल्या सुतळीचे पदर ओढून सुटे करायला गेलं की पुढे पीळ बसतो तसा. हे विकर एक पदर कापतं, पीळ सोडतं आणि पदर परत जोडतं. कॅम्पटोथेसिन त्याला कापलेल्या अवस्थेतच धरून ठेवतं. नक्कल करणारी यंत्रणा तिथं येऊन आदळते आणि पेशी मरते. ही चाल तोवर कुठल्याच औषधाची माहीत नव्हती. मग सगळे परत धावले. इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही दोन्ही १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. जपानमध्ये इरिनोटेकॅन त्याआधीच होतं. दोन्ही झाडातल्या द्रव्यावर पुढची रसायनं करूनच बनतात. म्हणून व्यापारी तुमच्या मामांच्या ओढ्यापर्यंत पोचला.

तिरसट

म्हणजे स्टेरॉइड शोधायला गेले, कॅन्सर सापडला, औषध बिघडलं, टाकून दिलं, आणि मग कळलं की भारी होतं. आमच्या ऑफिसात प्रोजेक्ट असेच चालतात, फक्त शेवटची पायरी येत नाही.

ड्युरॅमकर

केमिस्टकाकांच्या प्रतिसादात एक नाव पटकन येऊन गेलं म्हणून थांबलो. मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे. जन्म १९२५ चा. मुंबई विद्यापीठातून एमएससी, मग इंडियाना विद्यापीठात पीएचडी, आणि पुढची सगळी कारकीर्द इथं नॉर्थ कॅरोलायनात, रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये. मी इथून जवळच राहतो. कॅम्पटोथेसिन आणि टॅक्सॉल (तेही कॅन्सरवरचंच) या दोन्ही शोधांसाठी त्या जागेला अमेरिकन केमिकल सोसायटीनं २००३ मध्ये ऐतिहासिक स्थळाचा मान दिला. वाणी २०२० मध्ये गेले.

टॅक्सॉलसुद्धा याच दोघांचं, १९७१ चं. एका माणसाच्या हातून अशी दोन औषधं, आणि आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात नाव नाही. नंदुरबारच्या कुणी इथं असेल तर सांगा, गावात तरी माहीत आहे का?

खानदेशी_तडका

नंदुरबारचाच आहे. मला आत्ता तुमच्याकडून कळलं. वडिलांना विचारतो.

वैद्य_मीनल

इतिहास रोचक आहे काका, पण एकाच बाजूचा. सगळं काही नशिबानं सापडलं असा सूर लागतोय. सर्पगंधा विसरलात का? आपल्याकडे वेड आणि निद्रानाश यांवर शतकानुशतकं वापरात होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचे आपले अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिले, तेव्हा जगाला जाग आली. त्यानंतर १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रेसर्पिन वेगळं केलं गेलं. मलेरियाचं आर्टेमिसिनिन घ्या. चिनी संशोधक तू यूयू यांना चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात 'मूठभर वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यावी' अशी ओळ दिसली, उकळायचा उल्लेख नव्हता. म्हणून त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि तो लागू पडला. २०१५ चं नोबेल. परंपरेनं वाट दाखवली, मग प्रयोगशाळा आली.

केमिस्टकाका

मीनलताई, दोन्ही उदाहरणं मान्य. पण नरक्या कुठल्या ग्रंथात कॅन्सरसाठी सांगितलाय? अमेरिकेच्या कॅन्सर संस्थेनं १९६० ते १९८२ या काळात लाखाच्या वर वनस्पती-अर्क आंधळेपणानं तपासले, त्यातून टॅक्सॉल आलं. सदाफुलीचं तर उलटंच. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत, म्हणून कॅनडात नोबल आणि बीअर यांनी तपासली. साखर काही उतरली नाही. उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र कमी झाल्या. त्यातून विनब्लास्टिन आलं, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन, जे लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आजही देतात. परंपरेनं दार दाखवलं खरं, पण आत वेगळंच निघालं.

वैद्य_मीनल

दार दाखवलं हे तरी मान्य केलंत, आभारी आहे.

गोडबोले_पुणे

अवांतर: सदाफुलीची पानं मधुमेहासाठी खाऊ का? शेजारी खातात. शिवाय गुळवेल चालूच आहे २०२० पासून.

वैद्य_मीनल

सदाफुली अजिबात नको!! वर काकांनी काय लिहिलंय वाचलंत ना? गुळवेल वैद्याला विचारून आणि ओळख पटवूनच घ्या. गुळवेल म्हणून तिच्याच कुळातली दुसरी वेल खपते.

केमिस्टकाका

आणि खरी गुळवेलसुद्धा वर्षानुवर्षं मनानं घेऊ नका. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्यात.

वैद्य_मीनल

ज्या आयुष मंत्रालयानं अमान्य केल्या! वेलीची ओळखच नीट पटवली नव्हती, हाच तर आक्षेप होता.

संपादक_मंडळ

गुळवेलीसाठी स्वतंत्र धागा काढावा. इथं नरक्याबद्दलच बोलू या.

शुभदा_ठाणे

एरवी मी वाचनमात्र असते. माझ्या नवऱ्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, त्याला इरिनोटेकॅन दिलं होतं. सलाईन चालू असतानाच घाम सुटायचा आणि पोटात कळा यायच्या, त्यासाठी आधी अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन. घरी आल्यावर काही दिवसांनी जुलाब सुरू. लोपरामाइडची पट्टी, ओआरएस आणि एक वही उशाशी ठेवलेली असायची. वहीत वेळा लिहायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, जुलाब थांबायची वाट बघायची नाही, पहिल्यालाच गोळी. त्या औषधानं आम्हाला वेळ मिळाला. बराच मिळाला.

त्या बाटलीत आंबोलीच्या बाजूचं झाड असू शकतं हे आज पहिल्यांदा वाचतेय. बाकी वाद चालू द्या.

तिरसट

शुभदाताई, __/\__

सह्यभटका

थोडा उशिरा आलो. माझा विषय वनस्पतीशास्त्र, सह्याद्रीत फिरणं हे कामाचाच भाग. डोंगरवेडांचा मूळ प्रश्न अजून तसाच आहे: औषध सापडल्यावर झाड, जंगल कशाला?

'जैवविविधता' म्हटलं की लोक जाती मोजतात. एवढ्या प्रकारची फुलझाडं, इतके प्रकार आमरींचे. औषधाच्या बाबतीत खरी गोम जातीच्या आत असते. पश्चिम घाटातल्या नरक्यात कॅम्पटोथेसिन किती, हे वेगवेगळ्या ठिकाणच्या झाडांवर मोजलं गेलंय, आणि फरक प्रचंड निघालाय. एका डोंगरातलं झाड भरपूर देतं, दुसरीकडचं जेमतेम. मुळात आणि सालीत जास्त, पानात कमी. म्हणजे कुणाला उद्या चांगलं वाण निवडून लागवड करायची असेल, तर ते वाण जंगलातल्या ठिकठिकाणच्या झाडांतूनच निवडावं लागणार. व्यापारी ओढाच्या ओढा मुळासकट साफ करतो तेव्हा नुसती झाडं जात नाहीत. त्यातलं एखादं सगळ्यांत सरस होतं का, हे तपासायची संधीच जाते.

याचं जगातलं ठळक उदाहरण बोर्निओतलं आहे. १९८७ मध्ये सारावाकमध्ये एका झाडाचा नमुना घेतला. अर्क एचआयव्हीवर परिणामकारक ठरला. जास्त माल आणायला माणसं परत गेली, तर ते झाड कुणीतरी तोडलेलं! आसपासच्या त्याच जातीच्या झाडांत तो गुण सापडेना. शेवटी सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात एक जुनं झाड मिळालं, त्यात द्रव्य निघालं. कॅलॅनोलाइड त्याचं नाव. ते बाजारात काही आलं नाही, चाचण्यांतच अडकलं. पण घटना बोलकी आहे. आणि हे झाड आपल्या कोकणातल्या उंडीचं चुलतभावंड बरं का, प्रजाती (जीनस) एकच, जात वेगळी.

दुसरी गंमत. २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांना नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी सापडली, जी स्वतः कॅम्पटोथेसिन बनवते. सगळ्यांना वाटलं, सुटला प्रश्न, टाकीत बुरशी वाढवा. पण अशा बुरशा झाडाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की ते बनवणं कमी कमी होत जातं. झाड आणि बुरशी यांचं आत नेमकं काय चालतं ते अजून नीट उलगडलेलं नाही. म्हणजे 'औषध बाहेर आलं' हेच अर्धवट खरं आहे.

केमिस्टकाका

याला पुस्ती. नवी पिढीही त्याच रेणूवर उभी आहे. स्तनाच्या कॅन्सरवर अलीकडे ज्या प्रतिपिंडाला जोडलेल्या औषधांची चर्चा असते, त्यातल्या ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅनचा मारक भाग कॅम्पटोथेसिनच्याच घराण्यातला. २०१९ मध्ये मान्यता मिळाली. १९६६ चा रेणू, आणि अजून नवीन कामं निघताहेत.

मात्र सह्यभटका, टॅक्सॉलची गोष्ट तुमच्या विरुद्ध जाते. तिथं आधी पॅसिफिक यू झाडाची साल सोलत, झाड मरायचं, एका रुग्णाला अनेक झाडं लागायची. मग फ्रान्समध्ये पोतिए यांनी युरोपातल्या यूच्या पानांतून जवळचा रेणू काढून त्यापासून औषध केलं. पानं छाटली तरी झाड जगतं. आता पेशी टाकीत वाढवून करतात. रसायनशास्त्रानंच जंगल वाचवलं की नाही?

सह्यभटका

वाचवलं, पण कशानं? शेजारच्या खंडात त्याच प्रजातीची दुसरी जात जिवंत होती म्हणून. एकच जात उरली असती तर पोतिए पानं कुठून आणणार होते? आणि वाचलं ते अमेरिकेतलं जंगल. आपल्या हिमालयातल्या थुनेरची, म्हणजे तिथल्या यूची, काय दशा झाली ते उत्तराखंडच्या मंडळींना विचारा.

वनपाल_निवृत्त

सगळे शिकलेले लोक चांगलं लिहिता. मी जरा जमिनीवरचं सांगतो.

नरक्या तोडून ओंडके कुणी नेत नाही. जागेवरच कुऱ्हाडीनं ढलप्या पाडतात, वाळवतात, पोत्यात भरतात. पोतं जीपमध्ये टाकलं की वरून भुसार माल दिसतो. वासावरून पकडलेलं आहे आम्ही. तोडणारा गावचाच गरीब, त्याला दिवसाची मजुरी. नाक्यावर सापडतो तोच, कोठडीत जातो तोच. पोती कुठल्या शहरात उतरतात ते त्याला ठाऊक नसतं.

डोंगरवेडा, 'मालकीतलं आहे' म्हणून निर्धास्त राहू नका. मालकीतलं झाड तोडायलाही परवानगी बघावी लागते आणि माल हलवायला वाहतूक पास लागतो. व्यापारी 'वाहतूक आमची' म्हणाला ना? पास कुणाच्या नावावर काढणार ते आधी विचारा. बऱ्याचदा मालकीतल्या चार झाडांचा कागद करतात आणि त्या कागदावर सरकारी जंगलातली पोती निघतात. उद्या चौकशी आली तर सातबारा मामांचा.

तिरसट

डोंगरवेडा, मामांना पटेल असं कारण मिळालं. 'सातबारा मामांचा.' मोठ्या अक्षरात लिहून चहासोबत द्या.

डोंगरवेडा

वनपालसाहेब, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. पासचं त्याला विचारतोच.

हिरडेवाला

आंबेगाव भागातला आहे, महादेव कोळी. आमच्याकडे बाळहिरडा वेचतात. झाडावर चढायचं, कोवळी फळं झोडायची, अंगणात वाळवायची, पाऊस आला की धावत गोळा करायची. भाव ठरवतो व्यापारी. म्हणून मला 'जंगलात औषधांचा खजिना' ऐकलं की पहिला प्रश्न पडतो, खजिना कुणाचा? वर इतके शोध सांगितले, त्यात झाडाखाली राहणाऱ्या माणसाला काय मिळालं ते एकानंही लिहिलं नाही.

कायद्याचं_बोला

रास्त प्रश्न. एक उदाहरण आहे, आणि ते आपल्याच देशातलं. केरळात अगस्त्यमलाईच्या डोंगरात काणी आदिवासी राहतात. १९८७ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ पुष्पांगदन आणि त्यांचे सहकारी तिथं फिरत होते. बरोबरचे काणी वाटाडे चढताना एक फळ खात आणि दमत नसत. ती वनस्पती म्हणजे आरोग्यपच्चा. तिरुवनंतपुरमच्या वनस्पती उद्यानानं त्यावरून 'जीवनी' हे औषध केलं, १९९५ मध्ये एका आयुर्वेदिक कंपनीला बनवायचा हक्क दिला. शुल्क दहा लाख आणि दोन टक्के स्वामित्वधन, त्यातलं निम्मं काणींच्या न्यासाला. तेव्हा असा कायदाही नव्हता.

कायदा आला २००२ मध्ये, जैविक विविधता अधिनियम. गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती, लोकजैवविविधता नोंदवही, लाभाची वाटणी, सगळं त्यात आहे. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं सांगितलं की देशी कंपन्यांनाही वाटा द्यावा लागेल. मग २०२३ ची दुरुस्ती आली. नोंदणीकृत वैद्यांना आणि ग्रंथात नोंदलेल्या ज्ञानाला वाटणीतून सूट, गुन्ह्याला कैद जाऊन दंड. माझ्या मते ही सूट फार सैल आहे. 'ग्रंथात आहे' म्हटलं की हिरडेवाल्यांचा हिस्सा गेला.

वैद्य_मीनल

सूट नसती तर माझ्यासारख्या खेड्यातल्या वैद्यानं प्रत्येक काढ्यासाठी अर्ज करायचे का? मोठ्या कारखान्याला लावा ना नियम.

हिरडेवाला

ताई, तुम्हाला कुणी अडवत नाही. पण सूट लिहिताना तुमचं नाव पुढे करून कारखाने मागच्या दारानं आत गेले, असं मला दिसतं.

वैद्य_मीनल

यात तथ्य आहे. कारखाना आणि वैद्य यांच्यात फरक करायलाच हवा होता.

खानदेशी_तडका

वडिलांना विचारलं. त्यांना वाणींचं नाव माहीत नव्हतं, पण आमच्या बोळातले तिघं 'आमचेच ते' म्हणाले.

डोंगरवेडा

मामांना काल निवडक प्रतिसाद वाचून दाखवले. पासचं ऐकून गप्प झाले. सारावाकची गोष्ट दोनदा वाचायला लावली. शेवटी म्हणाले, तोडायचं नाही तर नाही, पण काजूच्या मोकळ्या बांधाला अजून लावता येईल का? दहा-पंधरा वर्षांनी पोरांना तरी काही मिळेल. यावर तज्ज्ञ काय म्हणतात?

सह्यभटका

लावता येतो. सावलीची, ओलाव्याची जागा द्या, उघड्या बांधापेक्षा ओढ्याच्या वरची कड बरी. बी रुजायला महिने घेतं आणि सगळं रुजत नाही, त्यामुळे भरपूर पेरा. बी एकाच झाडाचं घेऊ नका, जमेल तितक्या वेगवेगळ्या झाडांचं घ्या. कारण वर लिहिलंच आहे. आणि पुढे कधी विकायची वेळ आली तरी मूळ खणू द्यायचं नाही. बुंधा राखून कापलं तर धुमारे फुटतात.

वनपाल_निवृत्त

लागवड केली की तलाठ्याकडून सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या, आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीतही चढवा. समिती कागदावरच असेल तर सरपंचाच्या मागे लागा. लावलेलं कुठलं आणि रानातलं कुठलं, हे दाखवायला नंतर तोच पुरावा.

कोकणकन्या

बी आमच्याकडचं हवं असेल तर फळं पिकली की कळवते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गोडबोले_पुणे

गुळवेलीचा धागा काढलाय. केमिस्टकाका आणि मीनलताई, तिकडे या. शेजारीही येणार आहेत.